इंदुमतीबाईंचे तीन चिमटे

चार नंबरच्या खाटेवरच्या लिगाडेंच्या बायकोनं आयसीयूच्या दारातच हंबरडा फोडला, तेव्हा लिगाडे स्वतः पूर्ण शुद्धीवर होते आणि चहाला किती वेळ आहे ते विचारत होते.

मी आणि एस्तेर सिस्टर दोघंही धावलो. काकू नुसत्या नवऱ्याच्या उजव्या हाताकडे बोट दाखवत होत्या. त्या हाताच्या बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावलेला होता. हल्ली असा चिमटा घरोघरी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये सापडतो, पण ही गोष्ट करोनाच्या बारा-तेरा वर्षं आधीची आहे. तेव्हा आमच्या तालुक्यात तो पाहिलेली माणसं पन्नासही नसतील, आणि त्यातल्या बऱ्याचशांनी तो आडवं पडून पाहिलेला. चिमट्याच्या वरच्या जबड्यावर लाल ऑइलपेंटनं ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘कै. सौ.’ जागा तेवढीच होती. बाकीचं नाव पेंटरनं खालच्या जबड्यावर, तळहाताच्या बाजूला काढलं होतं. भेटायला येणाऱ्याला ते दिसत नसे.

“ह्यांच्या बोटावर कै. लिहिलंय,” काकू शेवटी म्हणाल्या. “आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही.”

एस्तेर सिस्टर वाकल्या, त्यांनी नीट वाचलं आणि म्हणाल्या, “काकू, पुढं सौ. पण आहे. लिगाडे सौ. आहेत का?”

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. प्रश्नाचा खरोखर विचार केला. मग पदरानं डोळे पुसून, तसं असेल तर मी बाहेर थांबते, असं म्हणून त्या गेल्या.

हे हॉस्पिटल सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं वाचतात. हॉस्पिटल ट्रस्टचं होतं, म्हणजे तिथली प्रत्येक वस्तू कुणी ना कुणी वारल्यामुळे आलेली होती. बाकांवर नावं होती, पाण्याच्या टाकीवर होती, एक्स-रे बघायच्या पेटीवर होती. जनरल वॉर्डातल्या एका पंख्याच्या तीन पात्यांवर तीन सख्ख्या भावांची नावं होती, आणि धाकट्याचा मुलगा पुण्याहून आला की त्याला वडिलांचं नाव वाचता यावं म्हणून तेवढा वेळ पंखा बंद ठेवावा लागे. मे महिन्यातसुद्धा. पेशंट समजून घेत.

आयसीयूत खाटा सहा, मॉनिटर सहा आणि चालू चिमटे तीन. मूळच्या चिमट्यांच्या वायरी खाटांच्या कठड्यांत चेंगरून तुटल्या होत्या. हे तीन रंगनाथशेठ पोतदारांनी दिले होते. शेठ गावातले जुने सराफ आणि ट्रस्टचे अध्यक्ष. त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई याच आयसीयूत, दोन नंबरच्या खाटेवर गेल्या. दर गुरुवारी शेठ यायचे, पेशंटची विचारपूस करायचे आणि जाताना तिन्ही चिमट्यांवरचं नाव वाचून जायचे. त्या वेळी कुणाशी बोलायचे नाहीत. त्यांच्यासाठी एस्तेर सिस्टर पेशंटचा हात हलकेच उलटा करून धरायच्या, म्हणजे खालचं नावही वाचता यावं.

सहा पेशंटांत तीन चिमटे असल्यामुळे सिस्टरांनी वेळापत्रक लावलं होतं. एक तास एक, तीन, पाच; दुसरा तास दोन, चार, सहा. चिमटे दिवसरात्र एका बोटावरून दुसऱ्या बोटावर जात असत.

मी तिथं संसर्ग नियंत्रण अधिकारी होतो. वय सव्वीस, एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी, प्रथम वर्ग, टेबल जिन्याखाली. कुठल्याशा तपासणीच्या यादीत असा एक माणूस असावा असं लिहिलं होतं, म्हणून मी होतो. प्रोबेशन सहा महिन्यांचं, त्यातले पाच झाले होते. घरी माझ्या लग्नाचं बघत होते आणि मुलीकडच्यांसमोर ‘अधिकारी’ हा शब्द वाक्यात दोनदा आणत होते.

लिगाडेकाकूंचा हंबरडा शनिवारचा. त्याच दुपारी दोन, चार आणि पाच नंबरच्या पेशंटांचे रिपोर्ट आले. तिघांनाही आमच्याकडे आल्यानंतर ताप चढला होता आणि तिघांच्याही नमुन्यात एकच जंतू निघाला होता, तोही साध्या औषधांना दाद न देणारा. आधीच सांगून टाकतो, तिघंही बरे होऊन घरी गेले. लिगाडे अजून आहेत आणि आमच्या चहाबद्दल अजून बोलतात. पण त्या शनिवारी हे कुणाला माहीत नव्हतं. एका पेशंटला येताना नसलेला जंतू मिळाला तर नशीब म्हणता येतं. तिघांना एकच मिळाला, म्हणजे कुणीतरी तो वाटत फिरत होतं.

मेडिकल सुपरिंटेंडंट डॉ. परांडेकरांनी मला बोलावलं. डॉक्टर वाईट नव्हते. कुठलाही प्रश्न पडला की तो जेवणाच्या सुट्टीआधी सुटावा, एवढंच त्यांचं म्हणणं असे. हाही त्यांनी सोडवून ठेवला होता. टेबलावर टाइप केलेला अहवाल होता. आयसीयूतल्या हंगामी कामगार हौसाबाई ढावारे यांच्या फरशी पुसण्याच्या अस्वच्छ कापडामुळे संसर्ग पसरला, असं त्यात होतं. खाली माझं नाव होतं आणि नावाच्या वर सहीपुरती जागा.

हौसामावशी नऊ वर्षं हंगामी होत्या. येत्या गुरुवारी समितीच्या बैठकीत त्यांना सेवेत कायम करण्याचा विषय होता, विषय क्रमांक तीन. आता तोच विषय ठेवून ‘सेवेत कायम करणे’च्या जागी ‘सेवेतून कमी करणे’ एवढाच बदल करायचा, बाकी कागद तोच चालेल, असं डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. कागद वाया जाऊ नये याची त्यांना काळजी असे.

मी म्हटलं, नमुने घ्यायला हवेत. ते म्हणाले, घ्या की, शास्त्रीय दिसेल. मी विचारलं, निकाल दुसराच आला तर. डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

“चिवटे, फरशीचं फडकं आहे ते. फडक्यात जंतू नसतील तर कशात असतील? इंदुमतीबाईंच्या फोटोत?”

फोटो त्यांच्या डोक्यामागे होता, हार घातलेला. शेठच्या मनात या वर्षी दोन व्हेंटिलेटर द्यायचे होते, हे हॉस्पिटलात सगळ्यांना माहीत होतं. गुरुवारपर्यंत सगळं स्वच्छ दिसायला हवं होतं.

रविवारी सकाळी मी कापूस गुंडाळलेल्या तीस काड्या घेऊन आयसीयूत गेलो. नळ, बेसिन, खाटांचे कठडे, पडदे, सलाइनचे स्टँड, मावशींची बादली, मावशींचं फडकं, जिथं जिथं हात लागतो तिथं काडी फिरवली आणि नळीत ठेवून नंबर घातला. हौसामावशी माझ्यामागून फिरत होत्या. बुटक्या, पंचावन्नच्या आसपासच्या, पदर कमरेला खोचलेला. आपल्याबद्दल काय चाललंय ते त्यांना कळलं होतं; हॉस्पिटलात कुणाचं काय चाललंय ते सगळ्यात आधी त्यांनाच कळायचं. पण त्या रडल्या नाहीत, हातापाया पडल्या नाहीत. मी जिथं काडी फिरवली तिथं लगेच मागून फडकं फिरवत होत्या.

मी म्हटलं, मावशी, निदान आज तरी थांबा. त्या म्हणाल्या की तुमचं काम तुम्ही करा, माझं मी करते.

सगळं झालं तेव्हा एक काडी उरली. परत न्यायची कशाला, म्हणून एस्तेर सिस्टर लिगाडेंच्या बोटावरून चिमटा काढत होत्या तेवढ्यात मी तो त्यांच्याकडून घेतला, उघडला आणि बोट जिथं बसतं त्या आतल्या रबरावर काडी फिरवली. पुढं जो काही शोध माझ्या नावावर जमा झाला, त्यात माझा सहभाग एवढाच. एक काडी उरली होती.

मंगळवारी सकाळी जिन्याखालच्या माझ्या टेबलावर तीस काचेच्या बश्या मांडलेल्या होत्या. जंतू वाढावेत म्हणून बशीत खळीसारखा एक थर असतो, त्यावर काडी फिरवायची आणि दोन दिवस उबेत ठेवायची. जंतू असले की ठिपके दिसतात. बेसिनवर ठिपके होते, पडद्यांवर होते, पण ते भलतेच कुणीतरी होते, आमचे नव्हते. मावशींच्या फडक्याच्या बशीत काहीच नव्हतं. मी ती उजेडाकडे धरली, उलटी धरली, भिंगातून पाहिली. मावशी दिवसातून तीनदा इतकं फिनेल वापरत होत्या, की त्या फडक्यात जंतूच काय, धागाही फार दिवस जगला नसता.

मावशी जिन्यावरून उतरता उतरता थांबल्या आणि विचारलं, ती कुणाची बशी. मी सांगितलं.

“काय उगावलंय?”

“काही नाही. एकदम स्वच्छ आहे.”

त्यांनी बशी हातात घेतली. बराच वेळ बघत होत्या. काहीच नसलेल्या गोष्टीकडे इतक्या कौतुकानं बघणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

“आन् ह्या बाकीच्या?”

मी बेसिनची बशी दाखवली. ती बरीच भरली होती. मावशींनी तिच्याकडे बघून नुसतं नाक मुरडलं, जसं शेजारणीची भांडी बघून मुरडावं. मग आपली बशी छातीशी धरून म्हणाल्या, “ही मला द्या. नऊ वर्सं झाली, सुनेला वाटतं मी इथं नुसती बसून असते.”

त्यांना नाही म्हणायला मला काही कारण सापडेना. बशी रिकामीच होती. मी झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दिली. संध्याकाळपर्यंत सगळ्या हॉस्पिटलात झालं होतं की चिवटे साहेबांच्या परीक्षेत मावशी पास झाल्या आणि बेसिन नापास.

मग मी तिसावी बशी उघडली.

ती भरून ओसंडत होती, आणि ठिपके आमचेच होते. तिघा पेशंटांच्या नमुन्यांशी पडताळून पाहिलं. तोच रंग, तोच वास, त्याच औषधांना तीच बेपर्वाई. मी उरलेले दोन चिमटेही तपासायला घेतले, पण उत्तराची वाट बघायची गरज नव्हती. चिमटा दर तासाला एका पेशंटच्या बोटावरून दुसऱ्याच्या बोटावर जात होता आणि येताना-जाताना सोबत घेऊन जात होता. मी जिने दोन-दोन पायऱ्या गाळून चढलो. तेव्हा माझं वय तसं होतं.

एस्तेर सिस्टर औषधांची ट्रॉली लावत होत्या. नगरकडच्या, तीस वर्षांच्या नोकरीच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. मी त्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी, जरा अधिकाऱ्याच्या सुरात, विचारलं की एका पेशंटवरून दुसऱ्याला लावताना चिमटा साध्या स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं तुमच्या स्टाफला सुचत कसं नाही. एम.एस्सी.ला यावर मी पंधरा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, हेही मी सांगितलं, असं मला पुसटसं आठवतं.

सिस्टरांनी ट्रॉली नीट लावून पूर्ण केली. मग कपाटातून परिपत्रकांची फाइल काढली, एक पान उघडलं आणि फाइल माझ्या हातात दिली.

“वाचा, सर.”

परिपत्रक क्रमांक चौदा. देणगीदारांच्या नावाची अक्षरे असलेल्या उपकरणांस स्पिरिट, फिनेल अथवा तत्सम द्रव लावू नये. अक्षरे पुसली जाऊन देणगीदारांच्या भावना दुखावण्याचा संभव आहे. सदर उपकरणे कोरड्या मऊ कापडाने अलगद पुसावीत. हयगय करणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल.

मी म्हटलं, असला मूर्खपणा कुणी काढला.

सिस्टरांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘संसर्ग नियंत्रण अधिकारी’ असं तिथं टाइप केलं होतं आणि वर माझी सही होती. तेव्हा मी सहीखाली दोन ठिपके द्यायचो. ते दोन्ही ठिपके होते.

“तुम्ही रुजू झालात त्याच्या दुसऱ्या दिवशीचं आहे,” सिस्टर म्हणाल्या. “चिमट्यांवर नाव काढलं तेव्हाचं. त्याआधी आम्ही पुसत होतो.”

दुसऱ्या दिवशी डॉ. परांडेकरांनी माझ्यापुढे पंधरा-वीस कागद ठेवले होते, हे मला आठवलं. त्यात काय होतं ते आठवेना. पदनामावर सही करायला किती छान वाटलं होतं, तेवढंच आठवलं.

मी विचारलं, तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत. सिस्टर म्हणाल्या, लेखी हरकत दिली होती. ती कुणाकडे गेली? संसर्ग नियंत्रण अधिकाऱ्यांकडे, कारण विषय त्यांच्या खात्याचा. जिन्याखाली, माझ्या टेबलाच्या उजव्या खणात, ती मला संध्याकाळी सापडली. पाकीट फोडलेलंही नव्हतं. त्या दिवसापासून चिमटे मात्र पुसले जाऊ लागले. सिस्टरांनी मला विचारलं नाही आणि मी त्यांना थांबवलं नाही. तसं ते परिपत्रकाविरुद्ध होतं.

बुधवारी मी डॉक्टरांकडे गेलो. बशी नेली होती, परिपत्रकही नेलं होतं. डॉक्टरांनी दोन्ही पाहिलं आणि दार लावून घेतलं. ते चिडले नाहीत. मला समजावत होते. दर गुरुवारी शेठ नाव वाचायला येतात, ते नावच आपण जंतूंचं कारण म्हणून त्यांच्यापुढे ठेवणार का. नवरा आहे तो, त्याला काय वाटेल. व्हेंटिलेटरचं सोडा, असं ते म्हणाले, आणि मग व्हेंटिलेटरचंच दहा मिनिटं बोलले. चिमटे यापुढं गुपचूप पुसू, अक्षरं गेली तर पेंटरला बोलावून परत काढून घेऊ. पण आजवरचं कुणाच्या तरी नावावर टाकायला हवं.

“परिपत्रकावर सही तुमची आहे, चिवटे. अहवालावरही तुमचीच असू दे. दोन्ही सह्या एकमेकींना धरून राहतील.” मग जरा थांबून म्हणाले, “तुमचंही पुढच्या महिन्यात कायम व्हायचंय.”

आज लिहिताना सोपं जातं म्हणून लिहितो. मी सही करायचं ठरवलं होतं. रात्री जेवताना मला कारणंही चांगली सुचली. मावशींना दुसरीकडे काम मिळेल. पंचावन्नाव्या वर्षी माणसानं विश्रांती घ्यावी. चूक शेवटी व्यवस्थेची असते. भात कालवेपर्यंत माझी अशी सहा कारणं झाली होती आणि सगळी प्रथम वर्गातली होती.

गुरुवारी अकराला समितीच्या खोलीबाहेर हौसामावशी उभ्या होत्या. ठेवणीतलं जांभळं लुगडं, डोक्यावरून पदर, आणि हातात धुतलेल्या रुमालात बांधलेलं काहीतरी. मी विचारलं नाही, पण त्यांनीच रुमालाचं टोक उचलून दाखवलं. बशी होती.

“समितीला दावते,” त्या म्हणाल्या. “कागुद काय, कुणीबी लिवतं.”

आत शेठ मधल्या खुर्चीवर होते. शेजारी डॉक्टर, टोकाला एस्तेर सिस्टर, आणि समोर दोन विश्वस्त, जे पहिल्या विषयालाच झोपले होते. विषय क्रमांक तीन आला. डॉक्टरांनी अहवाल माझ्यापुढे सरकवला. मी पेनचं टोपण काढलं. टोपण काढल्यावर ते कुठं ठेवायचं याचा मी बराच विचार केला. दाराच्या काचेतून जांभळा रंग दिसत होता. सही करायच्या आधी आपण तिकडे बघायला नको होतं, असं मला वाटलं, पण तोवर बघून झालं होतं.

मी म्हटलं, हौसाबाईंना आत बोलवावं, त्यांना काहीतरी दाखवायचं आहे.

मावशी आल्या, त्यांनी रुमाल सोडला आणि बशी शेठपुढे ठेवली. म्हणाल्या, ही माझ्या फडक्याची. शेठनी सवयीनं खिशातून सराफी भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि दागिना बघावा तशी बशी फिरवून फिरवून पाहिली.

“यात तर काहीच नाही.”

“तेच तर,” मावशी म्हणाल्या.

शेठनी भिंग काढलं. डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मग आहे कशात?”

डॉक्टर काहीतरी बोलायला लागले. त्यांच्या आधी मी बोललो, कारण थांबलो असतो तर परत कधीच बोललो नसतो. चिमट्यांत आहे, असं सांगितलं. परिपत्रक वाचून दाखवलं. खालची सही माझी आहे आणि ती मी न वाचता केली, हेही सांगितलं. नाव पुसलं जाईल म्हणून पाच महिने चिमटे ओले बोळे न लावता सगळ्या पेशंटांच्या बोटांवरून फिरत होते. हे सांगताना मी शेठकडे न बघता त्या झोपलेल्या विश्वस्तांकडे बघत होतो. ते फार समजूतदार दिसत होते.

डॉक्टर डोळे मिटून बसले होते; बहुधा दोन व्हेंटिलेटर त्यांना दुसऱ्या गावाला जाताना दिसत होते.

“इंदूच्या नावानं?” शेठ म्हणाले. “अहो, ती बाजारातून आणलेली कोथिंबीर तीनदा धुवायची. दुकानातून आलो की मला ओसरीच्या पुढे येऊ द्यायची नाही. तिच्या नावावर तुम्ही लोकांना जंतू वाटत होता?”

त्यांनी भिंग खिशात ठेवलं.

“ती असती ना, तर तुम्हां सगळ्यांना अंगणात उभं करून घमेल्यात पाय धुवायला लावले असते. डॉक्टर, तुम्हाला आधी.” मग त्यांनी हात पुढे केला. “चिमटा आणा. आणि स्पिरिट.”

आणायला जावं लागलं नाही. एस्तेर सिस्टरांनी एप्रनच्या खिशातून एक चिमटा, बाटली आणि कापूस काढून टेबलावर ठेवला. त्या तयारीनंच आल्या होत्या. आज ना उद्या, असं त्यांनी ठरवलं असणार.

शेठनी कापूस भिजवला आणि स्वतःच्या हातानं ‘कै. सौ.’वर, मग चिमटा उलटवून खालच्या नावावर फिरवला. पहिल्यांदा हलकेच. पत्नीचं नाव पुसायला निघालेला माणूस आम्ही बघत होतो, आणि एक विश्वस्तही जागे झाले होते. शेठनी कापूस उचलला. अक्षरं जागेवर होती. त्यांनी परत भिजवला, जरा जोरानं घासलं. अक्षरं होती. मग सराफाची सवय जागी झाली. त्यांनी चष्मा वर सारला, चिमटा डाव्या हाताच्या चिमटीत पक्का धरला आणि जुनं सोनं उजळावं तसं घासायला लागले. कापूस पांढराच राहिला. लाल रंगाचा कणही आला नाही. उलट इंदुमतीबाईंचं नाव आधीपेक्षा झळकायला लागलं.

शेठनी चिमटा खाली ठेवला. “ऑइलपेंट आहे,” ते म्हणाले. “वाळलेला. स्पिरिटनं जाईल कसा? एकानं तरी पुसून बघितलं होतं का?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. मंगळवारपासून त्या रोज पुसत होत्याच. नाव जात नाही, हे मात्र त्या कुणालाच बोलल्या नव्हत्या. कुणी विचारलं नव्हतं.

शेठ पुन्हा कापूस घेऊन त्या अक्षरांवरून फिरवायला लागले. आता घासत नव्हते, नुसता हात फिरवत होते. खोलीत सगळे जरा अवघडले. तेव्हा हौसामावशी पुढे आल्या.

“शेठ, तिथं काय घासताय,” त्या म्हणाल्या. “बोट आत जातंय. आत पुसा. बाईंचं नाव भायेर हाय, त्येला कुठं काय झालंय.”

कुणी तरी हसलं. शेठच होते. त्यांनी चिमटा उघडला. आतलं रबर, जिथं पाच महिन्यांतल्या पेशंटांची बोटं बसली होती, तिथं पेंटरनं एक अक्षरही काढलं नव्हतं. म्हणजे नावाला हात न लावता पहिल्या दिवसापासून ते पुसता आलं असतं. मी एम.एस्सी. होतो, डॉक्टर एम.डी. होते, आणि आम्ही दोघांनी मिळून वस्तूची जी बाजू वाचता येते तेवढीच धरून ठेवली होती.

विषय क्रमांक तीन मूळच्या शब्दांत मंजूर झाला. इतिवृत्त डॉक्टरांनीच लिहिलं आणि त्यात असं आहे की अक्षरे टिकाऊ असल्याचे अध्यक्षांनी स्वतः तपासून समाधान व्यक्त केले. जंतूंचा उल्लेख नाही. व्हेंटिलेटर पुढच्या वर्षी आले, त्यांवर नाव कोरून आलं. परिपत्रक चौदा रद्द झालं. तीन पेशंटांचा ताप इतिवृत्तात कुठंच धरलेला नव्हता, तो मी धरून आहे. माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढवलं. मुलीकडच्यांना घरच्यांनी सांगितलं की अधिकारी इतका आवडला की त्याला आणखी ठेवून घेतलाय.

शेठनी शेवटी एक ओळ वाढवायला सांगितली होती. ती इतिवृत्तात आहे, मी नंतर पाहिली: चिमटे पुसण्याचे प्रशिक्षण हौसाबाई ढावारे यांनी संसर्ग नियंत्रण अधिकाऱ्यांना द्यावे.

शुक्रवारी सकाळी नऊला मी आयसीयूत हजर झालो. मावशींनी ट्रेमध्ये तिन्ही चिमटे मांडून ठेवले होते, शेजारी कापसाचे बोळे आणि स्पिरिटची बाटली. कायम झाल्याचा पहिला दिवस असल्यामुळे त्या खुर्चीवर बसल्या होत्या. खाटेवरून लिगाडे आणि स्टुलावरून काकू बघत होते. मी बाह्या वर केल्या आणि पहिला चिमटा उचलायला हात पुढे केला.

मावशींनी ट्रे मागं ओढला.

“आधी हात धुवा,” त्या म्हणाल्या.